डावीकडची मॅट

"पप्पा, तुमच्या हातनं चांगली गाडी कधी बिघडलीय का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या मोना आणि मनालीनं शाळेच्या गेटपासून उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजपर्यंत मला छळत आणलं होतं. दहावी ब मधली निशिगंधा, म्हणजे मी, भूगोलाच्या बाईंशी वाद घालते आणि बापासमोर मांजर होते, असं दोघींचं म्हणणं. पप्पांचं एक वाक्य आमच्या गल्लीत लेथवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, 'पिराजी मेस्त्रीच्या गॅरेजातली गाडी परत येत नसती.' त्याच वाक्यावर हा प्रश्न होता. विचारून दाखव, मग तुला मानलं.

विचारलं. शनिवार होता, नवरात्राची तिसरी माळ, सकाळची शाळा सुटलेली. मोना आणि मनाली समोरच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या राहून ग्लासाआडून बघत होत्या. पप्पांचे दोन्ही हात एका जीपच्या गिअरबॉक्समध्ये होते. त्यांनी मान वर केली, हसले, आणि ते ठरलेलं वाक्य बोलणार एवढ्यात गेटमधून पांढरी गाडी आत आली.

दिसायच्या आधी ती मला ऐकू आली होती. उभ्या उभ्या धापा टाकत होती.

गाडीतून सयाजीकाका उतरले. सानेगुरुजी वसाहतीत राहणारे, रिटायर झालेले, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं एकदम गोड. त्यांनी बोनेटवर हात ठेवून पप्पांना विचारलं, की मेस्त्री, ही दुरुस्त केली का बिघडवली? सिग्नलला उभी केली की किंचाळती. क्लच सोडला की आपलीआपण पळायला बघती. आणि डाव्या बाजूला कुठंतरी किणकिण वाजतंय, ते वेगळंच.

पप्पांनी गाडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. रसाच्या गाड्याकडंही बघितलं.

"आजपातूर न्हाय बिघडली कुठली," ते म्हणाले. "ही पयली. पोरीनं हात लावलाय न्हवं."

मोनाच्या हातातला ग्लास तोंडापर्यंत जाऊन थांबला. मला त्या क्षणी जो राग आला, तो पुढचे सात दिवस उतरला नाही. ही गोष्ट त्या सात दिवसांची आहे.

*

आठवड्यापूर्वी हीच गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून आली होती. वीस वर्षं जुनी, पण अंगावर ओरखडा नाही. पप्पा स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, आज थ्रॉटल तू काढ. इंजिन ज्या तोंडातून हवा ओढतं, त्या तोंडातल्या झडपेवर काजळी बसली की गाडी गुदमरते. ती झडप मी पहिल्यांदाच एकटीनं सोडवली, साफ केली, जोडातून हवा गळू नये म्हणून मधे नवीन गॅसकेट घालून परत बसवली. एकही बोल्ट वाकडा गेला नाही. गाडी चालू केली. स्कॅनरवर आकडा आला आठशे पन्नास, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला जेवढं फिरायला हवं तेवढंच. पप्पा आकड्याकडं बघून "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याचं सुवर्णपदक.

मग ते म्हणाले, ह्या खंडेनवमीला तुझा पाना पण पाटावर ठेवायचा.

खंडेनवमीला आमच्याकडं गॅरेजमधली हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. सगळी नाही. प्रत्येक कारागिराचं एकच, त्याच्या हातातलं. पप्पांचा टॉर्क पाना, यल्लाप्पामामांची तीस वर्षांची हातोडी. पाटावर हत्यार गेलं म्हणजे तो माणूस गॅरेजचा झाला. माझा दहा-बाराचा पाना मी दिवाळीपासून जपून ठेवलेला.

त्या शनिवारी सयाजीकाका रिक्षानं परत गेल्यावर पप्पा हात पुसत म्हणाले, "ह्या वर्षी तुझा पाना नको. आदी हिचा दोष शोध. न्हाय सापडला तर गॅरेज बंद. क्लासला जायचं."

एवढंच. जीपच्या खाली शिरले.

*

आता दोष शोधायचा म्हणजे काय करायचं, ते मला माहीत होतं. उभ्या गाडीचं इंजिन जास्त पळतंय, याचा अर्थ त्याला कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय. पेडलची केबल ताणली असेल, गॅसकेट गळत असेल, एखादा पाइप फाटला असेल. मी फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला आणि एकेक तपासत गेले. केबलला हवी तेवढी ढील होती. गॅसकेट पुन्हा उघडली. मी बसवली होती तशीच, नाकासमोर सरळ. पाइप एकेक करून पकडीनं दाबून बघितले. सेन्सर बदलून बघितला. प्रत्येक वेळी गाडी चालू केली की सतराशे. पावणेसतराशे नाही, अठराशे नाही.

रागात काम केलं की हात कापतात असं म्हणतात. माझे रागात स्थिर होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट मी तक्त्यात लिहिली नाही. वायरिंग बघायला मी डावीकडची सीट मागं ढकलली होती. हात धुऊन आले, तर सीट पुढं. इतकी पुढं, की मी बसले असते तर गुडघे डॅशबोर्डला टेकले असते. मला वाटलं यल्लाप्पामामांनी केली. मी मागं ढकलली. संध्याकाळी पुन्हा पुढं. मामांना विचारलं, तर ते म्हणाले, मला वाटलं तूच करतीस, अव्वा.

यल्लाप्पामामा निपाणीकडचे. कानडीत आईला म्हणतात तसं, मला लहानपणापासून अव्वा म्हणतात. गॅरेजच्या मागच्या खोलीत राहतात आणि लागेल तेवढंच बोलतात.

रविवारी सयाजीकाका चौकशीला आले. पप्पांनी चहा मागवला. जॉबकार्डावर मालकाचं नाव राहिलं होतं म्हणून मी आरसी बघत होते. त्यावर नाव होतं शेवंता सयाजी. मी विचारलं, तर काका हसले.

हुपरीची त्यांची बायको. घरात बसून चांदीचे पैंजण करायची, बारीक मणी जोडायची, डोळे जाईस्तोवर. तिच्या कमाईची गाडी. पोरांनी हौसेनं नाव पण तिचंच लावलं.

"चालवायच्या का काकू?" मी विचारलं.

"ती?" काका पप्पांकडं बघून हसले. "लई मागं लागायची. शिकवा म्हणायची. म्हटलं, तू डावीकडं बस गप. बाईच्या हातात गाडी दिली तर घर राहतंय व्हय जाग्यावर? वीस वर्सं बसली की डावीकडंच. गेल्या शिमग्यात गेली बिचारी, आजारानं."

पप्पापण हसले. गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं, हे मला कळतं. पण ज्या माणसानं आठवडाभरापूर्वी मला थ्रॉटल सोडवायला दिला, त्यानं ह्या विनोदावर हसावं, हे मला कळत नाही. मी उठून जीपखाली गेले. खाली जाऊन रडत नव्हते. बोल्ट पिळत होते.

जीपखाली पाठीला काहीतरी टोचलं.

आमच्याकडं गाडी धुतली की जुन्या मॅट काढून नवीन टाकतात, पप्पांची ती पद्धतच आहे, गिऱ्हाईक खूश होतं. आणि जुन्या मॅट आम्ही गाडीखाली झोपायला वापरतो. माझ्या पाठीखाली होती ती पांढऱ्या गाडीचीच मॅट. पप्पांनीच काढायला लावली होती, मीच काढली होती. मी ती बाहेर ओढून उन्हात धरली.

तीन ठिकाणी झिजलेली. पार आरपार.

मी त्याच गाडीची दुसरी जुनी मॅट शोधली, ड्रायव्हरच्या बाजूची. दोन्ही फरशीवर शेजारी ठेवल्या. ड्रायव्हरची मॅटही तीन ठिकाणी झिजली होती, क्लचच्या खाली, ब्रेकच्या खाली आणि रेसच्या पेडलखाली. ते बरोबरच आहे. पण दुसरी मॅट डावीकडची होती. तिचा आकारच डावीकडचा. तिथं पेडल नसतात. तरी झिजलेल्या तीन जागा त्याच, तेवढ्याच अंतरावर. मी पट्टीनं मोजलं. फरक एवढाच, की डावीकडची जास्त झिजली होती.

उजव्या भोकाच्या कडेला रबरात काहीतरी रुतलं होतं. नखानं काढलं. मोहरीएवढा चांदीचा मणी.

*

सोमवारी आमच्याकडं सुट्टी असते. लेथ बंद, भट्ट्या बंद, लोखंड कापायचा आवाज नाही. उद्यमनगर सोमवारी दुपारी एवढं गप्प असतं, की रस्त्यापलीकडच्या नळाचं थेंब थेंब ऐकू येतं. पप्पा कामानिमित्त इचलकरंजीला गेले होते. शाळा सुटल्यावर मी एकटीच गॅरेजवर आले. मामा बाजेवर पडून होते.

मला ती किणकिण ऐकायची होती. इतर दिवशी त्या गोंगाटात काही कळत नाही.

गाडी चालू केली. सतराशे. आणि खरंच, डावीकडून खालून, अगदी बारीक, मणी मण्यावर घासावा तसा आवाज. मधेच थांबायचा. पुन्हा यायचा. क्लच दाबताना पाय उचलावा लागतो, ब्रेकवर न्यावा लागतो, त्या मधल्या वेळेएवढं थांबून.

मी कानाला सांगितलं, पत्रा सैल असेल.

हवा कुठं गळते ते शोधायची मामांची एक जुनी युक्ती आहे. उदबत्ती लावायची आणि इंजिनावरून फिरवायची. जिथं गळती, तिथं धूर आत ओढला जातो. जोतिबाच्या फोटोपुढची उदबत्ती मी घेतली. गॅसकेटपाशी धरली, धूर सरळ वर गेला. पाइपांपाशी, थ्रॉटलच्या बुडाशी, सगळीकडं फिरवली. सरळ वर. वारा नव्हता.

काहीच सापडलं नाही म्हणून मी कंटाळून डाव्या दारापाशी आले. दार उघडं होतं. उदबत्ती माझ्या हातात तशीच होती.

धूर वाकला.

दारातून आत गेला. सीटवर एखादं बुटकं माणूस बसलं तर त्याचं तोंड जिथं येईल, तिथपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. मी हात हलवला नाही. थोड्या वेळानं त्याच जागेवरून धूर बाहेर आला. पुन्हा आत. थांबला. पुन्हा बाहेर.

माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, हे आमच्या पुस्तकात आहे. मी घड्याळ लावून मोजलं. अठ्ठावीस. धावून आलेल्या माणसाचे एवढे होतात. किंवा रागावलेल्या. शनिवारी माझे एवढे झाले असतील.

मागं मामा येऊन उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी माझ्या हातातली उदबत्ती काढून घेतली, परत फोटोपुढं नेऊन खोचली.

"अव्वा, बोनेट लाव," ते म्हणाले. "आज सुट्टी हाय."

*

घरी जाऊन मी वहीत लिहिलं. गाडी आली तेव्हा आणि गेली तेव्हा, ह्यात काय काय बदललं? थ्रॉटल साफ केला. गॅसकेट नवीन. गाडी धुतली. मॅट बदलल्या. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पहिल्या तीन गोष्टी मी उलटसुलट तपासल्या होत्या. चौथी राहिली होती.

मंगळवारी दुपारी मी डावीकडची नवीन मॅट काढली आणि जुनी, भोकांची मॅट परत टाकली. मणी जिथं होता तिथं दाबून बसवला. गाडी चालू केली.

आठशे पन्नास.

मॅट काढली. सतराशे. टाकली. आठशे पन्नास. मी मोठ्यानं हसले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. दोष माझ्या हाताचा नव्हता.

बुधवारी पप्पांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा बघून मला बाजूला केलं. दुसऱ्यांदा स्वतः मॅट काढली आणि टाकली. मग मॅटखालचा कार्पेट पार उपसला, म्हणाले, वायर असंल कुठली तरी दबत. वायर नव्हती. नुसता पत्रा. त्यांनी तिसऱ्यांदा मॅट टाकली, आकडा बघितला आणि स्कॅनर बंद केला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"कुणाला बोलू नगंस," ते म्हणाले. "मॅट तशीच ऱ्हाऊ दे. खंडेनवमीला गाडी देऊन टाकू."

"आणि माझा पाना?"

त्यांनी मॅटची कड हातानं सारखी केली. मला वाटलं, त्याचा अर्थ हो.

गुरुवारी संध्याकाळी घरात पप्पा सयाजीकाकांशी फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होते. ते हसत सांगत होते, की व्हय, सापडला की दोष. पोरीनं गॅसकेट वाकडी बसवलेली. लहान हाय, चालायचंच. मी बसवली नीट.

मी पेला खाली ठेवला. मम्मी पुरण वाटत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती हळूच म्हणाली, सोड की. बाप हाय. गॅरेजचं नाव सांभाळायला लागतंय.

"आणि माझं?" मी म्हणाले.

मम्मी वाटायची थांबली. त्या रात्री मी जेवले नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

*

खंडेनवमी. सकाळी अकराला पाट मांडला. झेंडूची माळ, ऊस, नारळ. पप्पांचा टॉर्क पाना, मामांची हातोडी. मम्मी नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. मी गेटपाशी उभी होते. माझा पाना माझ्या ओढणीत गुंडाळलेला होता, आणि पाटाकडं कुणी बोलावलं नव्हतं.

पांढरी गाडी अंगणात मधोमध चालू करून ठेवली होती, गिऱ्हाइकाला दाखवायला. आठशे पन्नास. मांजर घुरघुरावं तशी. सयाजीकाका झेंडूचा हार घेऊन आले, गाडीभोवती फिरले, खूश झाले. मला म्हणाले, "शिकशील गं हळूहळू. वाईट वाटून घेऊ नगंस."

हार बोनेटला बांधून त्यांनी डावीकडचं दार उघडलं, नारळाची पिशवी आत ठेवायला. आणि थांबले.

"ही मॅट कुणी टाकली?"

आवाज एवढा बदलला, की मम्मीनं ताट खाली ठेवलं.

"ही मी फेका म्हणून सांगितलेलं, मेस्त्री. वीस वर्सं डोस्कं उठवलंय हिनं. मी हिकडं गिअर टाकला की ती तिकडं पाय आपटणार. मी ब्रेक मारला की ती मारणार. लोकं बघायची, हसायची. सतरांदा सांगितलं, पाय गप ठेव."

त्यांनी मॅट ओढून काढली आणि अंगणात भिरकावली. ती माझ्या पायाशी येऊन पडली.

इंजिनाचा आवाज चढला.

सतराशेवर थांबला नाही. पप्पा स्कॅनरकडं धावले. पंचवीसशे. तीन हजार. बोनेटवरचा हार थरथरायला लागला, पाकळ्या गळायला लागल्या.

गाडीत कुणी नव्हतं.

सयाजीकाका शिव्या देत फिरून उजवीकडं गेले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्लीला हात घातला. हात किल्लीपर्यंत पोचला नाही. त्यांनी खाली बघितलं.

"मेस्त्री," ते म्हणाले. "पेडल खाली जातंय."

"पाय काढा," पप्पा ओरडले.

"माझा पाय न्हाय."

त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. पांढऱ्या शर्टातला तो एवढा मोठा माणूस गुडघे छातीशी धरून बसला. मी दारातून वाकून बघितलं. रेसचं पेडल खाली चाललं होतं. हळू. थांबत. पहिल्यांदा दाबताना माणूस जसं दाबतं तसं, किती दाबायचं ते माहीत नसल्यासारखं.

किणकिण आता डावीकडून येत नव्हती.

चार हजार.

काका कसे उतरले, मला आठवत नाही. ते उतरले आणि गेटपर्यंत जाऊन भिंतीला धरून उभे राहिले. पप्पा मला मागं ओढत होते. मम्मी माझं नाव घेत होती. मला भीती वाटायला हवी होती. पण मी आठवडाभर एवढी रागावलेली होते, की दुसरं काही वाटायला जागाच उरली नव्हती. आणि समोरचा तो आवाज मला ओळखीचा वाटला. गुरुवारी रात्री माझ्या डोक्यात तोच होता.

मी पप्पांचा हात सोडवला. डावीकडं गेले. पुढं सरकलेल्या त्या सीटवर पाय दुमडून बसले.

"काकू," मी म्हणाले. "रेस सोडा. आदी क्लच."

काही झालं नाही.

"डावा पाय, काकू. क्लच."

आवाज उतरायला लागला. तीन हजार. दोन. आठशे पन्नास.

मग डावीकडचं पेडल, क्लचचं, हळूहळू खाली गेलं. पार तळाला. आणि तिथंच राहिलं. पुढं काय करायचं, ते सांगायची वाट बघत.

अंगणात सगळे उभे होते. रसाच्या गाड्याची घुंगरं पण थांबलेली होती.

"आता सावकाश सोडा," मी म्हणाले.

पेडल वर आलं. एकदम नाही, झटका न देता. माझ्यापेक्षा चांगलं. मग मी हात पुढं करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

*

सयाजीकाका किल्ली न घेताच गेले. गेटमधून मागं न बघता म्हणाले, भंगारात घाला, नाहीतर काय करायचं ते करा. मामा त्यांच्यासाठी रिक्षा थांबवायला बाहेर गेले.

पप्पा पाटासमोर बसले होते. त्यांनी माझ्याकडं हात लांब केला. मी ओढणीतला पाना दिला. त्यांनी तो कापडानं पुसला, हळद लावली, कुंकू लावलं आणि टॉर्क पान्याच्या शेजारी ठेवला.

"तू शनिवारी काय विचारलंतस," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "व्हय. एक बिघडलीय. मॅट मी काढायला लावली. तुझा हात बरोबर होता."

मम्मीनं डोळ्यांना पदर लावला. मला रडू आलं नाही. राग अजून होता, पण आता तो आठशे पन्नासवर होता.

मी मॅट उचलली, धूळ झटकली. गाडीपाशी गेले. डावीकडं टाकणार होते, तेवढ्यात डावी सीट दिसली. ती मागं सरकलेली होती. माझे पाय आरामात मावतील एवढी. मी उजवीकडच्या दारातून बघितलं. एवढ्या उंचापुऱ्या सयाजीकाकांची, इतकी वर्षं मागच्या खाचेत असलेली ड्रायव्हरची सीट पुढं आली होती. पार पुढं. बुटक्या माणसाचे पाय पेडलला पोचावेत एवढी.

मी मॅट उजवीकडं टाकली. तिन्ही भोकं तिन्ही पेडलांच्या बरोबर खाली आली.

मग पाटापाशी आले. पप्पा आणि मम्मी दोघंही माझ्याकडं बघत होते.

"उद्या दसऱ्यापासनं मी ह्या गाडीत बसणार," मी म्हणाले. "हिथंच, अंगणात. रोज एक तास. मी डावीकडं बसणार. उजवी सीट कुणी मागं करायची न्हाय."